कुरळ्या केसांना पाणी कमी पडत नाही

कुरळ्या केसांविषयीचा कोणताही सल्ला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात 'ओलावा' येतोच. केसांना पाणी कमी पडतंय, म्हणून ते राठ लागतात, म्हणून पिंजारतात; तेव्हा त्यांना ओलावा द्या, असा एकूण सूर. शाम्पूच्या बाटलीवर तेच लिहिलेलं असतं, पार्लरमध्ये तेच ऐकवलं जातं, आणि रविवारी डोक्यावर तेल थापणारी घरची मंडळीही 'केस किती कोरडे झालेत बघ' असंच म्हणतात. हे इतकं पटण्याजोगं आहे की तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. तपासलं तर मात्र चित्र वेगळं दिसतं. केसात पाणी किती राहणार हे मुख्यतः भोवतालची हवा ठरवते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर केसात त्याच्या वजनाच्या सुमारे १४ टक्के पाणी मुरलेलं असतं; केस पूर्ण भिजले की हे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात जातं. न्हाताना दिलेलं जादा पाणी केस वाळता वाळता निघून जातं, आणि मग पुन्हा हवा ठरवेल तेवढंच उरतं. ब्लीच करून खराब झालेला केस तर दमट हवेत निरोगी केसापेक्षा जास्त पाणी शोषतो, आणि तरीही हाताला तोच अधिक कोरडा लागतो. म्हणजे केस कोरडा 'लागणं' आणि त्यात पाणी कमी 'असणं' या दोन गोष्टींची गाठ आपण समजतो तशी बांधलेली नाही. बोटांना पाणी मोजता येत नाही. बोटांना कळतो तो खरखरीतपणा, म्हणजे घर्षण. कुरळे किंवा पर्म केलेले केस मऊ ठेवायचे तर त्यांच्या पृष्ठभागावरचं घर्षण कमी ठेवायला हवं. बाकीचे सगळे उपाय या एका कसोटीवर घासून पाहावेत, असं माझं म्हणणं आहे.

पृष्ठभाग म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा ते दहावा भाग. आतला गाभा केराटिन या प्रथिनाच्या तंतूंचा. त्याच्याभोवती चपट्या, पारदर्शक खवल्यांचे पाच ते दहा थर असतात आणि प्रत्येक खवला जेमतेम अर्धा मायक्रॉन जाड असतो. हे खवले कोकणातल्या घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, त्यांच्या मोकळ्या कडा केसाच्या टोकाकडे. म्हणून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर केस गुळगुळीत लागतो, उलट फिरवलं तर अडखळतो. निरोगी केसाच्या सर्वांत वरच्या खवल्यावर एका विशिष्ट मेदाम्लाचा, १८-मिथाइल आयकोसॅनॉइक आम्लाचा, अतिशय पातळ थर असतो. तो नुसता माखलेला नसतो, खवल्यातल्या प्रथिनाशी रासायनिक बंधाने जोडलेला असतो. केसावर पाणी चटकन पसरत नाही आणि केस केसावरून घसरतो, तो या थरामुळे. ब्लीच, तीव्र अल्कधर्मी रसायनं, ऊन आणि वर्षानुवर्षांची घासाघीस यांनी हा थर जातो, आणि एकदा गेला की त्या केसावर पुन्हा उगवत नाही, कारण त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. खांद्याखाली उतरलेल्या ३० सेंटिमीटर लांबीच्या केसाचं टोक अडीच वर्षांचं असतं. तेवढ्या काळातलं प्रत्येक न्हाणं, प्रत्येक कंगवा आणि प्रत्येक उशी त्याने सोसलेली असते. मुळाशी मऊ आणि टोकाला राठ, ही तक्रार म्हणूनच इतकी सार्वत्रिक आहे.

कुरळ्या केसांना याचा त्रास जास्त का होतो? केसाचा कुरळेपणा त्वचेखालीच ठरतो. केसाची कूपिका वाकडी असते, तिच्यातून येणाऱ्या केसाचा छेद गोल नसून लंबगोल असतो आणि गाभ्यातल्या पेशी दोन बाजूंना सारख्या नसतात. असा केस वळणं घेतच बाहेर येतो. टाळूवर तयार होणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली पसरतं. वळणावळणाच्या केसावर ते मुळाशीच अडून राहतं. शिवाय सरळ केस एकमेकांना समांतर पडतात, तर कुरळे केस शेजाऱ्यांना जागोजागी आडवे छेदतात, आणि प्रत्येक छेद ही घासण्याची जागा असते. दक्षिण आफ्रिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञ नॉनह्लान्ह्ला खुमालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अतिकुरळे आफ्रिकी केस पाहिले, तेव्हा त्यांत गाठी आणि तुटलेली टोकं भरपूर आढळली. पण वळण म्हणजे आपोआप गुंता, असंही नाही. ज्याँ-बाप्तिस्त मासों या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने २००७ साली प्रसिद्ध केलेली पाहणी मोठी गमतीची आहे. केशकर्तनकारांनी येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या डोक्यातले गुंते मोजले. सरळ केसांत सरासरी ५.३ गुंते निघाले, कुरळ्या केसांत २.९. अतिकुरळ्या केसांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, पण आपल्याकडच्या लाटेरी आणि मध्यम कुरळ्या केसांच्या दृष्टीने तो विचार करण्याजोगा आहे. असे केस एकमेकांत गुंतून राहिले तरी आपापल्या बटेत नांदतात. त्या बटा मोडायला कंगवा घेऊन आपण जातो, आणि तिथून घर्षण सुरू होतं.

पर्म केलेल्या केसांची गोष्ट आणखी पुढची. केसाला आकार देणारे बंध ढोबळ मानाने दोन प्रकारचे. हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. रात्री ओल्या केसांची वेणी घालून सकाळी लाटा मिळतात त्या यामुळे, आणि पहिल्या पावसात त्या जातात त्याही यामुळेच. दुसरे डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाच्या दोन अणूंची जोडी. ते पाण्याला दाद देत नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कार्ल नेस्लर या जर्मन केशरचनाकाराने लंडनमध्ये पर्मचं यंत्र आणलं, त्यात केस पितळी कांड्यांवर गुंडाळून, अल्कली लावून तापवत. कांड्या इतक्या जड की त्या वरून टांगून तोलाव्या लागत, आणि बाई कित्येक तास बसून. उष्णतेवाचूनचा मार्ग निघाला तो प्रयोगशाळेतून. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधले डेव्हिड गॉडर्ड आणि लिओनोर मायकेलिस यांनी १९३४ साली दाखवलं की अल्कधर्मी द्रावणात थायोग्लायकोलिक आम्ल केराटिनमधले गंधकबंध तोडतं. आजचा 'कोल्ड पर्म' याच रसायनावर चालतो: सुमारे ९ ते ९.५ पीएचच्या द्रावणाने काही बंध तोडायचे, केस कांडीवर असतानाच हायड्रोजन पेरॉक्साइडने नव्या जागी जोडायचे. सगळे तुटलेले बंध पुन्हा जुळत नाहीत. अल्कलीमुळे केस फुगतो, खवले उचलले जातात आणि वरचा मेदाचा थर अंशतः निघतो. आपल्याकडे पर्मपेक्षा रिबाँडिंग जास्त होतं, पण त्यातलं रसायन बहुधा हेच. फक्त केस कांडीऐवजी तापलेल्या इस्त्रीखाली जातो. म्हणून पर्म केलेल्या केसांना उपजत कुरळ्या केसांचे नियम लागू असले तरी त्यांच्याकडे मुळात भांडवल कमी असतं. ब्लीच केलेल्या केसांवर पर्म करू नये, हा सल्ला चांगला पार्लरवाला देतो तो गिऱ्हाईक गमावूनही, तो ऐकावा.

आता न्हाण्याकडे वळू. टाळूवर घाम आणि तेल साठतं, तिथे शाम्पू लागतो. लांबीवर तो वेगळा चोळण्याची गरज नसते; डोक्यावरून ओघळणारा फेस तिथे पुरतो. केस डोक्यावर गोळा करून दोन्ही हातांनी रगडणं, ही आपली लहानपणापासूनची सवय. कुरळ्या केसांसाठी तिच्याइतकी वाईट सवय दुसरी नाही, कारण ओला केस फुगलेला असतो आणि त्याचे खवले अशा वेळी सर्वांत हळवे असतात. अंगाच्या साबणाने तर केस धुऊच नयेत. साबणाचा पीएच ९ ते १० च्या आसपास असतो, शिवाय बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. आजच्या शाम्पूंत हा साका होत नाही, तरी जड पाण्यातले क्षार खराब झालेल्या केसांना थोडेफार चिकटतातच. त्याने केस कमकुवत होतात का, याबद्दल दक्षिण भारतात आणि पेशावरमध्ये झालेल्या छोट्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. पण कमकुवत होणं वेगळं आणि खरखरीत लागणं वेगळं. बोअरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्यांनी शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेतला तर फरक पडू शकतो, एवढंच म्हणतो. शिकेकाईचं कौतुक बऱ्याच अंशी रास्त आहे: तिच्यातले सॅपोनिन सौम्यपणे मळ काढतात आणि तिचा काढा किंचित आम्ल असतो, त्यामुळे खवले फुगत नाहीत. मात्र शिकेकाईची पूड कुरळ्या केसांत चोळणं म्हणजे बारीक कण बटांत अडकवून घासत बसणं. शेंगा उकळून, काढा फडक्याने गाळून घेतला तरच तिचा उपयोग.

घर्षणाच्या हिशेबात सर्वांत मोठा वाटा कंडिशनरचा आहे, आणि त्याचं काम नेमकं काय हे कळलं की तो वापरायचा कसा हेही कळतं. झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. कंडिशनरमधल्या बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम क्लोराइडसारख्या रेणूंचं एक टोक धन असतं, ते केसाला धरतं; दुसरं टोक लांब मेदाळ साखळीचं, ते बाहेर राहतं. गेलेल्या मेदथराची ही तात्पुरती भरपाई. जिथे झीज जास्त तिथे भार जास्त, म्हणून कंडिशनर आपोआप टोकांशी जास्त चिकटतो. घटकांच्या यादीत 'सेटिल अल्कोहोल' किंवा 'सेटिअरिल अल्कोहोल' दिसलं की अनेक जण बाटली खाली ठेवतात. ही अल्कोहोलं मेणासारखी घट्ट असतात, केस कोरडे करत नाहीत, उलट निसरडेपणा देतात. दूर ठेवायचं ते स्प्रेमधलं उडून जाणारं अल्कोहोल. कंडिशनर लावून, केस निथळते असतानाच, मोठ्या दातांच्या कंगव्याने किंवा बोटांनी गुंता सोडवावा: आधी टोकं, मग मध्य, शेवटी मूळ. इथे एक रास्त शंका येते. ओला केस कमजोर असतो, तो विंचरू नये, असं आपण ऐकत आलो आहोत. सरळ केसांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. पण कुरळा केस कोरडा विंचरायचा तर प्रत्येक वळण ओढून सरळ करावं लागतं आणि त्याला लागणारा जोर ओल्या केसापेक्षा कितीतरी जास्त असतो. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही सरळ केस जरा वाळू देऊन आणि कुरळे केस ओलसर असतानाच विंचरायला सांगते. फणीचे बारीक दात कुरळ्या केसांत घालण्याचं कारण एकच उरतं, उवा. आणि तिथेही आधी कंडिशनर हवाच.

यानंतरचा तास-दोन तास, म्हणजे केस ओले असल्यापासून वाळेपर्यंतचा काळ, माझ्या मते सर्वांत मोलाचा. आणि नेमका तोच आपण टॉवेल, पंखा आणि अस्वस्थ बोटं यांच्या हवाली करतो. ओल्या केसांना पाणी आपल्या पृष्ठताणाने एकत्र ओढून त्यांच्या जाड बटा बांधतं. पाणी उडत जातं तसे हायड्रोजन बंध जुळत जातात आणि बट त्या आकारात बसते. या वेळात बट मोडली की तिच्यातला प्रत्येक केस आपापल्या वळणाने एकटा वाळतो, आणि मग ज्याला आपण पिंजारणं म्हणतो ते होतं. एकटा केस शेजाऱ्यांना जास्त ठिकाणी छेदतो, जास्त घासला जातो आणि हाताला राठ लागतो. म्हणून टॉवेल चोळायचा नाही. टर्किश टॉवेलच्या फाश्यांपेक्षा आपला जुना, धुऊन मऊ झालेला पंचा कधीही चांगला. फक्त त्याने केस झटकायचे नाहीत, खालून वर दाबून पाणी टिपायचं. खालून वर म्हणजे खवल्यांच्या उलट दिशेने नाही का, असं कुणी विचारील. दिशा उलटी आहे खरी, पण इथे दाब आहे, सरकवणं नाही. घर्षण सरकण्यातून येतं. पाणी टिपून झालं की बटा धरून ठेवणारं काहीतरी हवं. बाजारातल्या जेलमध्ये ते काम कृत्रिम बहुवारिकं करतात. आपल्याकडे, विशेषतः विदर्भात, चटणीसाठी घरात असलेलं जवस तेच काम करतं. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवलं, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळलं, की झालं जेल. थंड झाल्यावर ते गाळलं जात नाही. त्यात टिकवणारं काही नसतं, त्यामुळे फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावं, वास बदलला की टाकून द्यावं. ओल्या बटांवर हे जेल लावून केस पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस करकरीत लागतात आणि बहुतेक जण इथेच घाबरतात: मऊ हवे होते, हे तर कडक झाले! तो कडकपणा वरच्या पातळ पापुद्र्याचा असतो. तेलाचा एक थेंब तळव्यांवर पसरून बटा मुठीत हलकेच चुरल्या की पापुद्रा मोडतो आणि आतली बट मोकळी, मऊ निघते. सरळ केस वाळल्यावर विंचरून 'आवरायचे' असतात. कुरळे केस आवरून झालेले असतात ते ओले असतानाच.

हेअर ड्रायर वापरावा का, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. उष्णता वाईट आणि वारा चांगला, असं सरधोपट उत्तर देता येत नाही. कोरियातल्या संशोधकांनी २०११ साली केसांच्या बटा वारंवार धुऊन वेगवेगळ्या अंतरावरून ड्रायरने वाळवल्या. १५ सेंटिमीटरवर तापमान ४७ अंश होतं, १० वर ६१ आणि ५ वर ९५. ड्रायर जितका जवळ, तितके खवले जास्त खराब झाले, हे अपेक्षितच होतं. पण नुसत्या हवेवर वाळवलेल्या बटांत एक निराळीच इजा दिसली: पेशींना जोडणारा पटलांचा थर फुगलेला होता, आणि ही इजा केवळ याच बटांत होती. केस तासन्‌तास ओले राहणंही फुकट नसतं. १५ सेंटिमीटरवरून, सतत हलवत वापरलेला ड्रायर आपोआप वाळण्यापेक्षा कमी हानिकारक, असा त्यांचा निष्कर्ष. एका अभ्यासावर सगळी इमारत उभी करू नये, पण दाट कुरळे केस पावसाळ्यात अर्धा दिवस ओले राहतात हे लक्षात घेतलं तर तो उपयोगी आहे. ड्रायरला वारा पसरवणारा डिफ्यूजर लावून, मंद वाऱ्यावर, बटा न हलवता वाळवणं हा मधला मार्ग चांगला. कर्लिंग टाँगचं तसं नाही. ओल्या केसावर १२५ अंशांची टाँग एक मिनिट धरली तरी आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि केस तिथेच तुटतो. ज्याला उपजत किंवा पर्मची वळणं आहेत त्याने वर टाँग फिरवणं निव्वळ उधळपट्टी आहे.

आता सर्वांत जड आक्षेप. आपल्या आज्यांनी कुठे कंडिशनर वापरला होता? खोबरेल लावलं, शिकेकाईने न्हाल्या आणि केस गुडघ्यापर्यंत! आठवणींतले केस नेहमीच लांब असतात, पण आक्षेप टाळण्यासारखा नाही, कारण खोबरेलाची बाजू भक्कम आहे. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून निघून जाणारं प्रथिन तिन्हींपैकी फक्त खोबरेलाने लक्षणीय घटवलं. कंपनी खोबरेल विकते हे विसरू नये, पण कारणही पटणारं आहे: खोबरेलातल्या लॉरिक आम्लाची साखळी आखूड आणि सरळ असते, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं, खनिज तेल वरच राहतं. आत शिरलेलं तेल केस पाण्याने फुगण्याचं प्रमाण कमी करतं. लक्षात घ्या, ते पाणी देत नाही, पाण्याला अडवतं. म्हणजे 'ओलाव्यासाठी तेल' हा तर्क चुकीचा आणि तेल लावण्याची चाल बरोबर. न्हाण्याआधी काही तास, केसांच्या लांबीला लावणं हा त्याचा खरा उपयोग. टाळूवर कोंडा असेल तर तिथे तेल थापू नये, कारण कोंड्याशी संबंध असलेली मॅलॅसेझिया ही बुरशी मेदाम्लांवरच पोसते. आणि आज्यांच्या केसांचं रहस्य एकट्या तेलात नव्हतं. त्या आठवड्यातून एकदा न्हायच्या, केस कायम वेणीत किंवा अंबाड्यात असायचे. घर्षण टाळण्याची याहून चांगली युक्ती नाही. अडचण एवढीच की त्या व्यवस्थेत कुरळेपणा दिसायचा नाही, तो चापूनचोपून बसवला जायचा. मोकळे, वळणदार, तरीही मऊ केस हवेत ही अपेक्षाच नवी आहे. तिच्यासाठी जुने उपाय अपुरे पडले तर त्यात उपायांचा दोष नाही.

दुसऱ्या टोकाला कंडिशनरमधलं सिलिकोन आणि शाम्पूतलं, मळ काढणारं सल्फेट यांना वाळीत टाकणारा पंथ आहे. न्यूयॉर्कमधल्या केशरचनाकार लॉरेन मॅसी यांच्या 'कर्ली गर्ल' या पुस्तकाने तो जगभर नेला आणि आज पुण्या-मुंबईतल्या मुलीही त्याच्या नियमांनी न्हातात. या पंथाचं मोठं श्रेय म्हणजे कुरळ्या केसांना 'सरळ करायची चूक' न मानता त्यांच्या वळणाने वागवायला त्याने शिकवलं. पण त्यातली बंदी मला तर्काला धरून वाटत नाही. सिलिकोन केसाचा श्वास कोंडतं म्हणतात. केस श्वास घेत नाही. सिलिकोनचं काम घर्षण कमी करणं आहे, आणि ते काम ते उत्तम करतं. अमोडायमेथिकोन तर झिजलेल्या जागाच निवडून धरतं. थर साठतो हे खरं, त्यासाठी मधूनमधून नेहमीचा शाम्पू लागतो, हेही खरं. सिलिकोन आणि सल्फेट दोन्ही वर्ज्य करणं निदान सुसंगत तरी आहे. सल्फेट सोडून सिलिकोन चालू ठेवलं तर मात्र काही आठवड्यांत केस जड आणि चिकट लागू लागतात, आणि दोष केसांवर जातो. मुंबईची दमट हवा, लोकलमधला घाम आणि रस्त्यावरची धूळ यांत या पंथाची नुसत्या कंडिशनरने डोकं धुण्याची रीत बहुतेकांच्या टाळूला मानवत नाही.

पावसाळ्यात कोकणपट्टीत आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, तेव्हा काय? इथे प्रामाणिक उत्तर निराशेचं आहे. दमट हवेतलं पाणी केसात शिरतं, हायड्रोजन बंध सुटतात आणि नव्या जागी जुळतात, बट फुगते. तेल, सिलिकोन आणि जेल हा वेग कमी करतात, थांबवू शकत नाहीत. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे ग्लिसरीनचं प्रमाण जास्त असलेलं जेल अशा हवेत मऊ पडून बट सोडतं. जून ते सप्टेंबर ते बाजूला ठेवावं. नागपूरच्या मे महिन्यात ही अडचण नसते, तिथे कोरड्या हवेत घासण्याने वीजभार साठतो आणि केस एकमेकांपासून पळतात. त्यावर कंडिशनरचा थोडा अंश केसात राहू देणं हा साधा इलाज. 'ओलावा द्या' हा सल्ला खरा असता तर जुलैतल्या रत्नागिरीत सगळ्यांचे कुरळे केस रेशमासारखे झाले असते.

उरल्या दोन बाबी. रात्री आठ तास डोकं उशीवर घासतं, तेव्हा सुती अभ्र्यापेक्षा सॅटिनचा अभ्रा बरा, किंवा केस डोक्याच्या वर सैल बांधावेत. जुन्या सुळसुळीत साडीचा तुकडाही चालतो. सकाळी विंचरायचं नाही, ओल्या हाताने मोडलेल्या बटा तेवढ्या पुन्हा वळवायच्या. आणि फाटलेलं टोक जोडणारं उत्पादन अजून निघालेलं नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. ते कापावंच लागतं, नाहीतर फाट वर चढते. पर्म असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण मुळाशी येणारा नवा केस सरळ असतो, आणि सरळ व वळलेला भाग जिथे मिळतो त्या सांध्यावर केस सर्वांत आधी तुटतो. त्यावर पुन्हा पर्म करताना द्रावण फक्त नव्या वाढीला लागायला हवं, जुन्या भागाला नाही, हे पार्लरमध्ये बसण्याआधीच बोलून घ्यावं. कापायला जाल तेव्हा केस धुऊन, वाळवून, नेहमीच्या वळणात असतानाच जा: ओले कुरळे केस ताणले जाऊन लांब दिसतात, आणि खांद्यापर्यंत कापलेले केस वाळल्यावर कानाशी येतात.